काळ्या कातळाचे कूळ: खडकाच्या रसायनातून त्याचा जन्म कसा उलगडतो?

हूफडॉर्प : ॲम्स्टरडॅमजवळच्या हूफडॉर्पला स्वतःचा असा दगड नाही. हार्लेमरमेर हे विस्तीर्ण सरोवर वाफेच्या पंपांनी उपसून १८५२ मध्ये कोरडे करण्यात आले आणि त्याच्या तळावर हे गाव वसले. समुद्रसपाटीच्या सुमारे चार मीटर खाली असलेल्या या भूमीत खणले, तर चिकणमाती आणि वाळू लागते. तरीही नेदरलँड्समध्ये काळा कातळ जागोजागी भेटतो. उत्तरेकडील आफस्लाउटडाइक हा सागरी बांध १९३२ मध्ये पूर्ण झाला. त्याच्या उतारावर रचलेले बहुकोनी खांब बेसॉल्टचे आहेत. येथील मराठी माणसाला ते पाहून सह्याद्री आठवला तर नवल नाही. मात्र हे साम्य बरेचसे रंगरूपापुरते आहे. डच बांधांवरचा असा बेसॉल्ट मुख्यतः जर्मनीतील ऱ्हाइनकाठच्या खाणींतून आलेला आहे, आणि त्याचे कूळ वेगळे आहे.

हे कूळ ओळखण्याचे शास्त्र म्हणजे भूरसायनशास्त्र. बेसॉल्टचा शिलारस भूकवचाखालील प्रावरण अंशतः वितळल्याने तयार होतो. पोटॅशियम, रुबिडियम, बेरियम यांसारखी काही मूलद्रव्ये प्रावरणाच्या खनिजांत नीट सामावत नाहीत. वितळण्याचा आरंभ होताच ती द्रवात उतरतात. तेवढीच चहाची पूड थोड्या पाण्यात उकळली तर दाट अर्क मिळतो, पुष्कळ पाण्यात पातळ. तसाच हा प्रकार. ऱ्हाइनकाठी प्रावरणाचा अल्पसा अंश वितळला, म्हणून तेथील खडकात सिलिका कमी आणि सोडियम-पोटॅशियम अधिक. दख्खनमध्ये वितळण्याचे प्रमाण कितीतरी मोठे होते. तेथील बहुतेक बेसॉल्टमध्ये सिलिका ४८ ते ५० टक्क्यांच्या आसपास असते आणि अल्कली तुलनेने कमी.

दख्खनचा हा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. आजही तो अंदाजे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापून आहे. घाटात थरावर थर दिसतात. पण एका घाटातील थर दुसऱ्या घाटात कोणता, हे केवळ डोळ्यांनी सांगणे जवळजवळ अशक्य. १९८० च्या दशकात आयआयटी मुंबईचे के. व्ही. सुब्बाराव, तसेच ब्रिटिश आणि अमेरिकी संशोधक यांनी घाटाघाटांतून नमुने गोळा केले. हवामानाने कुजलेला पापुद्रा आणि पोकळ्यांत साठलेली जिओलाइटची स्फटिके (संग्राहकांना प्रिय, विश्लेषकाला नकोशी) टाळून ताज्या दगडाची पूड केली जाते आणि क्ष-किरणांच्या साहाय्याने तिच्यातील मूलद्रव्ये मोजली जातात. टायटॅनियम, झिरकोनियम, बेरियम, स्ट्रॉन्शियम यांच्या प्रमाणांवरून थरांचे गट पडले. त्यांची नावे मराठी वाचकाला नकाशासारखी वाटतील : खालून वर जाताना जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकुरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, अंबेनळी, महाबळेश्वर, पन्हाळा, देसूर.

यांतील बुशे आणि अंबेनळी यांची तुलना सर्वांत बोलकी आहे. रुबिडियम-८७ चे स्ट्रॉन्शियम-८७ मध्ये रूपांतर होते, तेही इतके संथ की निम्मे रुबिडियम संपायला सुमारे ४,९०० कोटी वर्षे लागतात. खंडांच्या प्राचीन ग्रॅनाइटी कवचात रुबिडियम भरपूर असल्याने तेथे स्ट्रॉन्शियम-८७ साठत जाते. अंबेनळीच्या लाव्हात स्ट्रॉन्शियम-८७ आणि ८६ यांचे गुणोत्तर ०.७०४ च्या आसपास, म्हणजे प्रावरणाशी जुळणारे. बुशेत ते ०.७१३ हून अधिक. बुशेचा शिलारस वर येताना जुन्या भूकवचाचा काही भाग गिळून आला, असा त्याचा अर्थ.

हीच ओळख दूरवर उपयोगी पडली. आंध्र प्रदेशात राजमहेंद्रीजवळ, गोदावरीच्या दोन्ही तीरांवर बेसॉल्टचे लहान पट्टे आहेत. तेथील खालचा प्रवाह रसायनाने अंबेनळीशी आणि वरचा महाबळेश्वरशी जुळतो. म्हणजे पश्चिमेकडचा लाव्हा प्राचीन नदीखोऱ्यांतून सुमारे हजार किलोमीटर वाहत गेला असावा. तसे असेल, तर हे पृथ्वीवरील ज्ञात सर्वांत लांब लाव्हाप्रवाहांपैकी ठरतात.

या वर्गीकरणावर आज एक मोठा वाद उभा आहे. डायनोसॉर नष्ट झाले त्या काळच्या थरात इरिडियम हे पृष्ठभागावर दुर्मीळ असलेले मूलद्रव्य आढळल्याचे १९८० मध्ये अमेरिकेतील अल्वारेझ पितापुत्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, तर स्पेनमधील खडकांवरून डच भूवैज्ञानिक यान स्मित यांनी दाखवले. त्यातून अशनिपाताचा सिद्धांत पुढे आला. मग दख्खनच्या ज्वालामुखीचा वाटा किती? २०१९ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात दोन गटांनी दोन भिन्न पद्धतींनी काढलेली वये एकाच वेळी प्रसिद्ध केली. एका गटाच्या मते पोलादपूरचा मोठा उद्रेक अशनिपाताच्या काही दशसहस्र वर्षे आधीचा. दुसऱ्याच्या मते लाव्हाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग अशनिपातानंतरचा. दोघांची भाषा मात्र एकच : बुशे, पोलादपूर, अंबेनळी. थर ओळखण्यात चूक झाली तर घनफळाचा हिशेब चुकतो आणि त्यासोबत निष्कर्षही.

अशी चूक अशक्य नाही. चिखलदरा आणि जबलपूर परिसरातील काही प्रवाह मूलद्रव्यांच्या प्रमाणात अंबेनळी-पोलादपूरसारखेच भासतात. पण त्यांतील शिशाची समस्थानिके जुळत नाहीत. ते घाटातल्या लाव्हाचेच पसरलेले टोक म्हणावे, की सारख्याच घडणीतून स्वतंत्रपणे वर आलेला शिलारस? शिशाचा पुरावा दुसऱ्या शक्यतेकडे झुकतो, आणि म्हणूनच घाटातली नावे ईशान्येकडील थरांना सरसकट देण्याआधी समस्थानिके तपासणे गरजेचे ठरते.