माणसं बदलली म्हणून संगीत बदललं? एका बँडचा इतिहास तपासताना

संशोधनाचा प्रस्ताव लिहिताना एक वाक्य आपल्या हातून हमखास लिहिलं जातं: ‘अमुक बदल झाला आणि त्यामुळे तमुक घडलं.’ यातल्या ‘त्यामुळे’ या शब्दाला पुरावा लागतो. तो कसा शोधायचा, हे आज फ्लीटवूड मॅक या रॉक बँडच्या उदाहरणावरून पाहू.

आधी नेहमी सांगितली जाणारी गोष्ट. १९६७ मध्ये गिटारवादक पीटर ग्रीनने लंडनमध्ये हा ब्लूज बँड काढला. १९७० मध्ये तो बाहेर पडला. पुढची काही वर्षं लोक येत-जात राहिले. १९७४ च्या अखेरीस लिंडसी बकिंगहॅम आणि स्टीव्ही निक्स हे अमेरिकन जोडपं आलं, ब्लूजचा पॉप-रॉक झाला आणि १९७७ चा ‘रूमर्स’ जगातल्या सर्वाधिक खपलेल्या अल्बमांत जाऊन बसला. गोष्ट छान आहे, पण कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली असं तर नाही ना?

पहिली तपासणी: बदल आधीच सुरू झाला होता का? ‘अल्बाट्रॉस’ ही १९६८ ची शांत, शब्दांविना असलेली धून नेहमीच्या ब्लूजपासून बरीच लांब आहे, आणि ती खुद्द ग्रीनची आहे. १९७१ मध्ये आलेला बॉब वेल्च हा कॅलिफोर्नियाचाच. बँडने १९७४ मध्ये लॉस एंजेलिसला मुक्काम हलवला तोही वेल्च असताना, म्हणजे नवं जोडपं येण्याआधी.

दुसरी तपासणी: जे राहिले त्यांनी काय केलं? इथे श्रेयनामावली काढून चक्क गाणी मोजा. १९७५ च्या अल्बममध्ये ११ गाणी आहेत. त्यातली ३ स्टीव्हीची, २ लिंडसीची, १ बाहेरच्यांचं. ख्रिस्तीन मॅकव्हीची एकटीची ४, शिवाय एक लिंडसीसोबत. सर्वांत जास्त गाणी तिची! ती १९७० पासून बँडमध्ये होती. या अल्बममधलं अमेरिकेत गाजलेलं पहिलं गाणंही तिचंच. ‘नवे आले आणि पॉप आलं’ असं लिहिलं, की ही बाई इतिहासातून अलगद गळून पडते.

तिसरी तपासणी: माणसं तीच राहिली तर संगीतही तेच राहतं का? ‘रूमर्स’नंतर १९७९ मध्ये ‘टस्क’ आला. तेच पाच जण, पण अल्बम खडबडीत, प्रयोगशील. त्यातल्या २० गाण्यांपैकी ९ लिंडसीची. पंक आणि न्यू वेव्हचे सूर त्याच्या कानावर पडत होते आणि त्याला ‘रूमर्स’ पुन्हा करायचा नव्हता. म्हणजे माणसं न बदलताही दिशा बदलते.

मग माणसं बदलण्याला काहीच अर्थ नाही का? आहे ना! ड्रमर मिक फ्लीटवूडला फक्त गिटारवादक हवा होता. ‘आम्ही दोघंही येऊ’ ही अट लिंडसीची. स्टीव्ही येताना ‘रियानन’ आणि ‘लँडस्लाइड’ ही तयार गाणी घेऊन आली. तीन गीतकार-गायक एकत्र आल्यामुळे तीन आवाजांचा मेळ शक्य झाला. त्यांच्याखाली मिकचे ड्रम्स आणि जॉन मॅकव्हीचा बेस मात्र ग्रीनच्या काळापासून तेच होते. नवीन माणसांनी जे आणलं ते टिकलं, कारण ते पेलणारं काहीतरी आधीपासून तिथे होतं.

तेव्हा तुमचा विषय बँड असो, नाटकमंडळी असो की एखादं संपादक मंडळ, कागदावर चार रकाने आखा: कोण आलं, कोण गेलं, कोण राहिलं आणि प्रत्यक्ष काम कोणाच्या नावावर आहे. पहिले दोन रकाने पटकन भरतात, कारण येण्याजाण्याच्या बातम्या होतात. राहिलेल्यांची बातमी होत नाही. तिसरा आणि चौथा रकाना भरल्याशिवाय ‘त्यामुळे’ लिहू नका. नाहीतर ज्याने काम केलं त्याचं श्रेय तुमच्याच प्रबंधातून दुसऱ्याच्या नावावर जाईल.