उंट जी-७ : एका सुरुवातीची कुळकथा

सातारा-सांगलीकडच्या कुठल्याही खुल्या स्पर्धेत टेबलांमधून एक चक्कर मारा. पांढऱ्याने वजिराचं प्यादं दोन घरं टाकलं की काळ्याचा घोडा एफ-६ वर, प्यादं जी-६ वर, उंट जी-७ वर, मग किल्लेकोट. खेळणारं पोर सहावीतलं असो की खेळणारा निवृत्त बँक कर्मचारी, हात आपसूक तिकडेच वळतो. 'किंग्ज इंडियन' म्हणजे रशियनांची विद्या, असं अनेकांना वाटतं. ब्रॉनस्टाइन, बोलेस्लाव्स्की यांनी 1940 च्या दशकात तिला धार लावली हे खरंच. पण कूळ आपलं आहे.

आपल्या देशी डावाच्या बहुतेक रिवाजांत प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरके. किल्लेकोट नव्हता, शह बसण्याआधी राजाला एकदा घोड्यासारखी उडी घेता येई. अशा खेळात मध्य पहिल्याच चालीत काबीज करणं शक्य नव्हतं. आधी घर बांधायचं, उंट कोपऱ्याकडून तिरका रोखायचा आणि शत्रूला पुढे येऊ द्यायचं, हेच शहाणपण ठरे.

तीच सवय घेऊन बंगालचे महेशचंद्र बॅनर्जी कलकत्त्यात जॉन कॉक्रेन या स्कॉटिश बॅरिस्टरसमोर विलायती नियमांनी बसले. 1855 च्या एका डावात त्यांनी घोडा एफ-६, जी-६, डी-५, उंट जी-७ अशी मांडणी केली. डी-५ मुळे ही मांडणी किंग्ज इंडियन नव्हे, तिची सख्खी बहीण; अर्न्स्ट ग्रुनफेल्डने ती युरोपात गाजवली 1922 साली, म्हणजे तब्बल 67 वर्षांनी, आणि नाव त्याचं लागलं! तो डाव महेशचंद्र हरले. कॉक्रेनने दुहेरी शह दिला, जी-८ वर वजीर अर्पण केला आणि स्वतःच्याच मोहऱ्यांत कोंडलेल्या राजाला घोड्याने मात केली. पराभवामुळे मांडणीचं मोल मात्र कमी होत नाही.

सांगलीला नूतन बुद्धिबळ मंडळ 1941 पासून आहे. भाऊसाहेब पडसलगीकरांनी तिथे पिढ्या घडवल्या. भाग्यश्री साठे पाच वेळा राष्ट्रीय महिला विजेत्या झाल्या, स्वाती घाटे महिला ग्रँडमास्टर झाल्या. ज्या गावात बुद्धिबळ इतकं मुरलं आहे, तिथल्या मुलांना महेशचंद्रांचं नाव ठाऊक नसावं, याची खंत वाटते.

प्रशिक्षकांना एकच विनंती : जी-६ शिकवाल त्या दिवशी 1855 चा तो डाव पटावर मांडून दाखवा.