मागचा दिवा कोणासाठी?

गेल्या नोव्हेंबरातली गोष्ट. घड्याळं तासभर मागे केली की इथे यॉर्कशायरमध्ये संध्याकाळी पाचलाच मिट्ट काळोख होतो. हॅलिफॅक्सकडून डोंगरातल्या एका रस्त्याने आम्ही घरी येत होतो. रस्त्याला दिवे नाहीत, वरून भुरभुर पाऊस. समोरून गाड्या येत होत्या म्हणून हेडलाइट खाली केलेले. वेग ताशी ५० मैल, म्हणजे कायद्याच्या आत. आणि एकदम पुढ्यात लाल ठिपका चमकला. सायकलवाला! करकचून ब्रेक दाबला, गाडी घसरत त्याच्या मागे चार हातांवर थांबली. त्याला बिचाऱ्याला पत्ताही नाही, तो आपल्या नादात पुढे गेला. मागच्या दिव्याची बॅटरी संपली असावी. चमकला तो नुसता रिफ्लेक्टर.

"मरायचंय का याला? दिवा लावायला काय होतं?" मी ओरडलो.

बायको शांतपणे म्हणाली, "अरे, पण तुला पुढचं किती दिसत होतं?"

मी गप्प. इथल्या 'हायवे कोड'मध्ये ताशी ५० मैलांवरून गाडी थांबायला ५३ मीटर लागतात असं दिलंय. ओल्या रस्त्यावर त्याहून जास्त. माझ्या दिव्यांत तेवढं लांबचं दिसत नव्हतं, हे मला ब्रेक दाबतानाच कळलं होतं.

घरी आल्यावर या विषयाच्या मागे लागलो, तेव्हा कळलं की आमचं नवरा-बायकोचं हे भांडण या देशात शंभर वर्षं जुनं आहे.

सुरुवात १८८८ पासून करू. त्या साली कायद्याने सायकलला 'वाहन' मानलं आणि सूर्यास्तानंतर एक तासापासून सूर्योदयापूर्वी एक तासापर्यंत पुढे दिवा सक्तीचा केला. फक्त पुढे! मागून येऊन धडकेल असं वेगवान रस्त्यावर फारसं काही नव्हतंच. दिवा तेलाचा, पुढे कार्बाइडचा. कार्बाइडवर थेंब थेंब पाणी पडायचं आणि निघणारा ॲसिटिलीन वायू जळायचा.

मग मोटारी आल्या आणि प्रश्न सायकलच्या पाठीमागे गेला. मोटारवाल्यांचं म्हणणं, सायकलला मागे लाल दिवा हवाच. याला कडाडून विरोध कोणी केला? खुद्द सायकलवाल्यांनी! १८७८ साली स्थापन झालेला 'सायक्लिस्ट्स टूरिंग क्लब' (आजचा 'सायक्लिंग यूके') त्यात आघाडीवर होता. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हा शुद्ध अडाणीपणा वाटला. पण त्यांचा मुद्दा ऐका. मागून येणाऱ्याने आपल्या दिव्यांत दिसेल तेवढ्या अंतरात थांबता येईल अशाच वेगाने चालवावं, ही त्याची जबाबदारी. एकदा का मागचा दिवा सक्तीचा झाला, की तो विझल्यावर दोष मेलेल्याचा. आणि ज्याच्याकडे दिवा असूच शकत नाही, त्या पायी चालणाऱ्याचं काय?

१९२७ च्या कायद्याने मधला मार्ग काढला. मागे लाल दिवा लावा, नाहीतर लाल रिफ्लेक्टर. इंजिनियरच्या नजरेने हा फरक मोठा आहे. आजच्या रिफ्लेक्टरच्या आत बारीक बारीक कोपरे असतात, खोलीच्या कोपऱ्यासारखे, तिन्ही बाजू एकमेकींना काटकोनात. अशा कोपऱ्यात शिरलेला प्रकाश तीन ठिकाणी आपटून जिथून आला तिकडेच परत जातो. म्हणजे रिफ्लेक्टरचा उजेड सायकलवाल्याचा नसतोच, तो मोटारवाल्यालाच परत मिळालेला त्याचा उजेड असतो. बॅटरी लागत नाही, विझत नाही. पण मोटारीचा दिवा त्याच्यावर पडेपर्यंत तो आंधळा. त्या रात्री मी हेच अनुभवलं. (आमच्या हॅलिफॅक्सच्याच पर्सी शॉ यांनी १९३४ मध्ये रस्त्यात बसवायच्या 'कॅट्स आय'चं पेटंट घेतलं. तोही परतलेल्या उजेडाचाच खेळ.)

याच काळात, १९३० साली, मोटारींवरची ताशी २० मैलांची वेगमर्यादा सरकारने उठवली. १९३४ मध्ये रस्त्यांवर ७,३४३ माणसं मेली. तेव्हा त्या वर्षीच्या कायद्याने वस्तीत ताशी ३० मैलांची मर्यादा आणली, ती १९३५ मध्ये लागू झाली. त्याच कायद्याने सायकलच्या मागे रिफ्लेक्टरबरोबर पांढरा पट्टाही रंगवायला लावला.

वादाचा निकाल लावला तो हिटलरच्या विमानांनी. सप्टेंबर १९३९ मध्ये ब्लॅकआउट सुरू झाला, मोटारींच्या दिव्यांवर झाकणं आली. दिवाच नाही तर रिफ्लेक्टर परत काय पाठवणार? सायकलला मागचा दिवा सक्तीचा झाला. तरी १९३८ मधले ६,६४८ मृत्यू १९४१ मध्ये ९,१६९ वर गेले, तेही पेट्रोल रेशनवर असताना! हा या देशातला आजवरचा उच्चांक आहे. लढाई संपली, पडदे निघाले, पण मागचा दिवा राहिला. १९४५ च्या कायद्याने तो कायमचा झाला.

मग बरोबर कोण होतं? मी स्वतः सायकल चालवतो, आणि मागच्या दिव्याशिवाय रात्री बाहेर पडत नाही. दिवा हवाच. नुसतं पिवळं झगझगीत जाकीट रात्री उपयोगाचं नाही. ते चमकतं उन्हातल्या अतिनील किरणांवर, आणि रात्री ते कुठून येणार? ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये बंद रस्त्यावरच्या प्रयोगाचे निकाल छापले. चालकांनी काळ्या कपड्यातला सायकलस्वार २ टक्के वेळा ओळखला, फ्लुओरेसंट जाकिटातला १५ टक्के, रिफ्लेक्टिव्ह जाकिटातला ५० टक्के. त्यातच घोट्यांना आणि गुडघ्यांना रिफ्लेक्टिव्ह पट्ट्या लावल्यावर ९० टक्के! वरखाली हलणारे पाय दिसले की 'हा माणूस आहे' हे मेंदूला लगेच कळतं.

पण क्लबची भीतीही खरी ठरली. त्या रात्री माझ्या तोंडून पहिला प्रश्न दिव्याचाच निघाला, माझ्या वेगाचा नाही. खरं तर क्लबचं म्हणणं हायवे कोडच्या १२६ व्या नियमात आजही जवळजवळ तसंच छापलेलं आहे: जेवढा रस्ता मोकळा दिसतो, त्याच्या आतच थांबता येईल असा वेग ठेवा. मी तो परीक्षेसाठी पाठ केला होता. पास झालो आणि विसरलो.

पुण्यात लहानपणी बाबांच्या सायकलचा डायनॅमो बिघडला, की चौकातला हवालदार दिसताच ते खाली उतरून सायकल हातात धरून चालायचे. चौक ओलांडला की पुन्हा टांग मारायचे. दिवा हवालदारासाठी, अशीच आमची समजूत. मागून येणारा ट्रक आमच्या हिशेबातच नसे.

असो. आता माझ्या घोट्यांना पट्ट्या आहेत, आणि डोंगरातल्या त्या रस्त्यावर हेडलाइट खाली असले की मी ३५ च्या वर जात नाही. मागचे हॉर्न वाजवतात. वाजवू देत.