स्टेपनी : पाचव्या चाकाचा मागोवा

पहूर सोडून जामनेरकडे निघालो होतो. दिवेलागणीची वेळ. गाडी अचानक एका बाजूला ओढू लागली. उतरून पाहिलं तर मागच्या डाव्या चाकाची रिम जमिनीला टेकायला आलेली. जॅक लावला, नट सैल केले, मागच्या दारावरची स्टेपनी उतरवून चढवली. जॅक खाली घेतला, तशी तीही बसली. ३३ हवी तिथे तिच्यात ९ हवा होती, हे नंतर पंक्चरवाल्याने गेज लावून दाखवलं. इंजिन ऑइल, एअर फिल्टर, ब्रेक पॅड, सगळ्याच्या तारखा मी वहीत लिहून ठेवतो. स्टेपनीचं पान त्या वहीत नव्हतं. आता आहे.

त्या रात्री दुकानात बसल्याबसल्या मला त्या शब्दाचंच नवल वाटत राहिलं. इंजिन, क्लच, गिअर हे शब्द जगात कुठेही चालतील. ‘स्टेपनी’ मात्र आज लंडनच्या मेकॅनिकलाही कळायची नाही. मग कांग नदीकाठच्या आमच्या गावात, पाना हातात घेतलेल्या पोराच्या तोंडी तो इतका सहज कुठून आला?

तो आला वेल्समधून. लानेल्ली नावाचं गाव, कथलाच्या पत्र्यासाठी नावाजलेलं. तिथे टॉम आणि वॉल्टर डेव्हिस हे दोघे भाऊ लोखंडी सामानाच्या धंद्यात होते. त्या काळी मोटारीचं चाक आसाला कायमचं जोडलेलं असे, ते रस्त्यात काढता येत नसे. पंक्चर झालं की टायर तिथेच सोलायचं, ट्यूब बाहेर काढायची, ठिगळ लावायचं आणि हातपंपाने हवा भरायची. १९०४मध्ये डेव्हिस बंधूंनी यावर तोड काढली. नुसती गोल रिम, तिला ना आरे ना तुंबा, आणि वर हवा भरलेलं तयार टायर. ही रिम बसलेल्या चाकाच्या शेजारी आकड्यांनी आणि नटांनी आवळायची आणि घर गाठायचं. गावातल्या स्टेपनी स्ट्रीटवर हा उद्योग उभा राहिला, म्हणून वस्तूचं नाव स्टेपनी. रस्त्याला ते नाव तिथल्या जमीनदार घराण्यावरून पडलेलं. म्हणजे वेल्समधल्या एका सरदारी घराण्याचं आडनाव आज जामनेरच्या पंक्चरच्या दुकानात रोज घेतलं जातं.

मला यातली एक गोष्ट फार आवडते. मूळची स्टेपनी खराब चाकाची जागा घेत नव्हती, ती त्याच्या बाजूला उभी राहून भार उचलायची. माणसाला, त्यातही बाईला, कमी लेखण्यासाठी हा शब्द वापरतात, तो मला म्हणूनच खटकतो. असं बोलणं माणसाचा अपमान करतंच, शिवाय अडल्या वेळी घरी पोचवणाऱ्या वस्तूचंही मोल त्याने जातं.

पुढे चाकच नटांवर काढता-घालता येऊ लागलं, सोबत अख्खं पाचवं चाक नेणं सोपं झालं आणि डेव्हिस बंधूंची रिम मागे पडली. शब्द तेवढा राहिला. विलायतेत तो विरला. भारतात, बांगलादेशात, माल्टात टिकला, आणि ब्राझीलच्या पोर्तुगीजमध्ये ‘एस्तेपे’ होऊन बसला. मराठीने तर त्याचं लिंगही ठरवून टाकलं : ती स्टेपनी.

पण स्टेपनी लागायच्या आधीही आपल्याकडे चाकं होतीच की. बैलगाडीचं चाक म्हणजे मधे तुंबा, त्यातून निघालेले आरे आणि बाहेरून लोखंडाची धाव. धाव तापवून लाल करायची, लाकडी चाकावर चढवायची आणि वर पाणी ओतायचं. लोखंड आकसतं आणि सगळं चाक आवळून धरतं. अशा गाडीला कुणी पाचवं चाक बांधत नसे. त्याचं कारण साधं आहे. लाकडी चाक सांगून बिघडतं. उन्हाळ्यात लाकूड सुकलं की धाव ढिली होते, चाक खुळखुळतं, वंगण आटलं की आस कुरकुरतो. कान जागा असलेल्या गाडीवानाला चार दिवस आधी कळायचं. आमची पाचोरा-जामनेर छोटी रेल्वे, सगळे तिला पीजे म्हणतात, ५६ किलोमीटर लोखंडी चाकांवरच चालायची. शंभरेक वर्षांत पंक्चर म्हणून तिच्या डब्यातलं कुणी कधी खोळंबलं नाही. २०२०च्या टाळेबंदीत ती थांबली. आता तिथे ब्रॉडगेजचं काम चालू आहे, आणि पीजेने जाणारी माणसं रबराच्या भरवशावर रस्त्याने जातात.

१८८७-८८मध्ये बेलफास्टमध्ये जॉन डनलॉपने मुलाच्या तीनचाकीला हवेची नळी बसवली, तेव्हापासून चाक मऊ झालं, आणि न सांगता दगा देणारंही झालं. बाभळीच्या एका काट्याने सव्वा टनाची गाडी जागच्या जागी थांबते, असं त्याआधी कधी नव्हतं. भारतात डनलॉपने १९३६मध्ये हुगळीकाठी साहागंजला कारखाना काढला. दुसऱ्या महायुद्धात जपानने मलाया घेतला, जगभर रबराची टंचाई झाली आणि टायर जपून वापरायची सक्ती आली. टायरचा गोटा झाला तरी तो टाकायचा नाही, फाटल्या जागी आतून जुन्या टायरचा तुकडा म्हणजे गेटर घालायचा, रिमोल्ड करून पुन्हा चालवायचं, ही काटकसर आपल्याकडे खूप वर्षं चालली. शेवटी त्याच टायरच्या चपला व्हायच्या, आणि ट्यूब मुलं विहिरीत पोहायला न्यायची. ट्रकची टायरं आणि आस बैलगाडीखालीही गेली, तिला आपण टायरगाडी म्हणू लागलो. बैलगाडीसाठी खास १९ इंची टायरंही निघाली. मोटारीचा सुटा भाग बैलांमागे जोडणं, हे माझ्या मते खान्देशातलं सर्वांत मोठं मॉडिफिकेशन. कुणी तसं म्हटलं नाही एवढंच.

मग जीप आली. महिंद्राने मुंबईत माझगावला १९४९मध्ये पहिली विलिज जीप जोडली. लष्करी विलिजची स्टेपनी पाठीला होती, पुढच्या सीजे-३बीची बाजूला. जीपच्या टायरचं माप ६.००-१६. हेच माप कितीतरी ट्रॅक्टरांच्या पुढच्या चाकाचं. १९६३मध्ये महिंद्रा आणि इंटरनॅशनल हार्वेस्टर यांची ट्रॅक्टर कंपनी निघाली, आणि सत्तरच्या दशकात तिच्या बी-२७५ ट्रॅक्टरचं डिझेल इंजिन जीपच्या बोनेटखाली आलं. कपाशीच्या गावात दोन्ही वाहनं एकाच खळ्यात उभी राहायची. त्यामुळे टायरांची देवाणघेवाण व्हायची. ट्रॅक्टरच्या पुढच्या टायरवर लांबीने गेलेल्या उभ्या रेघा असतात, त्या चिखलात वळायला बऱ्या, पण डांबरावर ब्रेक दाबला की घसरतात. तरी स्टेपनी म्हणून तेच टायर टांगलेल्या जीपा मी लहानपणी पाहिल्या आहेत. वडील म्हणायचे, हे चाक घर गाठायला आहे, लग्नाला जायला नाही.

आज आम्ही सात-आठ जण रविवारी सकाळी गाड्या घेऊन जमतो. थार, बोलेरो, दोन जुन्या जीपा. बोलणं टायरवरून सुरू होतं आणि टायरवरच येऊन थांबतं. २०२०च्या थारच्या वरच्या मॉडेलला कंपनीकडून १८ इंची रिमवर २५५/६५ माप मिळतं. पोरांना ३३ इंची हवं असतं. चार चाकं बदलली की पाचवं तसंच ठेवायचं, की तेही नवं घ्यायचं, यावर सकाळ जाते. पाचवंही तेवढंच मोठं घेतलं तर मागच्या दाराच्या बिजागऱ्या वजनाने खाली बसतात, दार खडखडतं. न घेतलं तर चार मोठी आणि एक लहान अशी गत होते. फोर-बाय-फोरमध्ये वेगळ्या घेराचं चाक लावून लांब चाललं तर डिफरन्शिअलवर ताण येतो. माझं मत ठाम आहे : पाच घेता येत नसतील तर चारही घेऊ नयेत. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. कंपनीने दिलेल्या मूळ रचनेविरुद्ध गाडीत फेरफार चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये स्पष्ट सांगितलं. मडगार्डबाहेर आलेलं टायर चिखल आणि खडी मागच्या दुचाकीवाल्याच्या तोंडावर उडवतं. कायद्याचं राहू द्या, मला तेवढंही कारण पुरतं.

“भाऊ, पाचही फिरवता का?” असं आमच्यातले एक जुने जीपवाले प्रत्येक नव्या माणसाला विचारतात. दर दहा हजार किलोमीटरला चाकांच्या जागा बदलताना स्टेपनीलाही फेऱ्यात घ्यावं, म्हणजे पाचही सारखी झिजतात आणि तिच्यातली हवाही आपोआप तपासली जाते. न वापरता टांगलेलं रबर उन्हाने तडकतं. टायरच्या कुशीवर चार आकडे असतात. २३१९ असेल तर २०१९चा २३वा आठवडा. नक्षी कोरी दिसली तरी हे आकडे वाचावेत.

सीएनजी बसवला की डिकीत सिलिंडर येतो, स्टेपनी बेघर होते. कुणी ती टपावर बांधतो, कुणी घरी ठेवून मोकळा होतो. सिलिंडरची दर तीन वर्षांनी चाचणी करावी लागते. घरी ठेवलेल्या स्टेपनीची चाचणी कुणी करत नाही. जुलै २०२०मध्ये तर केंद्र सरकारने नियमच बदलला. साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीत ट्यूबलेस टायर, पंक्चर दुरुस्तीचं किट आणि टायरमधली हवा दाखवणारी यंत्रणा असेल, तर स्टेपनी सक्तीची नाही. विजेच्या गाड्यांत बॅटरीला जागा मिळावी, हाही एक हेतू. काटा रुतला असेल तर किटमधला चिकट द्रव काम करतो. कडेला फाटलेलं टायर मात्र त्याने जुळत नाही, आणि जळगाव-अजिंठा रस्त्याचं काम चालू होतं त्या वर्षांत इकडची किती टायरं कडेलाच फाटली, ते आम्हाला पाठ आहे.

आमच्यातल्या एकाने मागच्या महिन्यात विजेची गाडी घेतली. स्टेपनी नाही. पहिल्या रविवारी तो गप्प बसला. दुसऱ्या रविवारी येताना त्याने जळगावहून त्याच मापाची लोखंडी रिम आणि टायर आणलं. आता गावातल्या सुताराकडून डिकीच्या मापाची लाकडी बैठक करून घेतोय, चाक हलू नये म्हणून वर पट्टा. बैठकीला खालून जुन्या ट्यूबचं रबर लावायचं ठरलं आहे. ट्यूब मी देणार आहे, वडिलांच्या जीपची, ६.००-१६.