पत्ता बदलतो, क्रमांक राहतो

अभ्यासग्रंथाच्या शेवटी संदर्भांची यादी असते. ती फारसे कोणी वाचत नाही. पण ज्ञानाचा सारा व्यवहार तिच्याच भरवशावर चालतो. लेखक हे कशाच्या आधारे म्हणतो, याचा पडताळा घेण्याची ती वाट.

१९९० च्या दशकात संशोधनपत्रिका इंटरनेटवर आल्या आणि ही वाट निसरडी झाली. कागदी अंक ग्रंथालयाच्या कपाटात वर्षानुवर्षे एका जागी राहायचा. वेबवरचा लेख मात्र बिऱ्हाड बदलू लागला. प्रकाशकाने संकेतस्थळाची फेरमांडणी केली किंवा पत्रिका दुसऱ्याला विकली, की जुना पत्ता निकामी!

यावर तोडगा निघाला तो ‘डीओआय’चा. १९९७ मध्ये फ्रँकफर्टच्या पुस्तकमेळ्यात तो जगासमोर आला. कल्पना साधी आहे. लेखाला पत्त्याऐवजी कायमचा क्रमांक द्यायचा आणि त्याचा सध्याचा पत्ता एका मध्यवर्ती नोंदवहीत लिहून ठेवायचा. क्रमांकाची सुरुवात १० या आकड्याने होते. तिरप्या रेघेआधीचा भाग क्रमांक कोणी नोंदवला ते सांगतो, नंतरचा भाग लेखाची ओळख. वाचकाने क्रमांक दिला की यंत्रणा नोंदवही पाहते आणि त्याला लेखाच्या दारात नेऊन सोडते. इंटरनेटच्या जनकांपैकी एक, रॉबर्ट कान यांच्या संस्थेने घडवलेली ‘हँडल’ प्रणाली यामागे आहे. २००० मध्ये एरवी एकमेकांशी स्पर्धा करणारे प्रकाशक ‘क्रॉसरेफ’ या संस्थेत एकत्र आले आणि एका पत्रिकेतला संदर्भ दुसरीतल्या लेखापर्यंत पोहोचू लागला.

पण नोंदवही आपोआप लिहिली जात नाही. प्रकाशकाने नवा पत्ता कळवला नाही, तर क्रमांक वाचकाला रिकाम्या घरी नेतो. जानेवारी २०१५ मध्ये तर डीओआयच्या स्वतःच्याच वेब-नावाचे नूतनीकरण वेळेवर झाले नाही आणि जगभरचे दुवे काही काळ अडले. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ७४ लाखांहून अधिक क्रमांक तपासले गेले. त्यांतल्या २० लाखांहून अधिक लेखांची प्रत मोठ्या डिजिटल संग्रहांत जतन झाल्याचे आढळले नाही. म्हणजे क्रमांक कायमचा. पण मूळ संकेतस्थळ बंद पडले, तर लेखाची शाश्वती नाही.

कायमपण आकड्यात नसते. पत्ता बदलल्यावर नोंद करणारा आणि लेखाची प्रत जपणारा कुणीतरी लागतोच. तो आहे, तोवरच क्रमांकाला अर्थ आहे.