देणगी आणि देणे

अण्णांच्या शस्त्रक्रियेसाठी पुण्यातल्या एका मोठ्या धर्मादाय रुग्णालयात गेलो, तेव्हा खिडकीवरचा पहिला प्रश्न होता, "विमा आहे का?" नव्हता. दुसरा प्रश्न, "अनामत किती भरता?" उत्तर सुचेना, म्हणून बाकावर बसून समोरच्या संगमरवरी पाटीवरची देणगीदारांची नावे वाचत राहिलो. या लेखाचा शोध तिथून सुरू झाला.

मुंबईतले जमशेटजी जीजीभॉय लहानपणीच पोरके झाले. पुढे चीनशी कापूस आणि अफूचा व्यापार करून त्यांनी अमाप संपत्ती मिळवली. गरिबांच्या रुग्णालयासाठी त्यांनी १ लाख रुपये दिले. १८४३ साली कोनशिला बसली, १८४५ साली 'जे. जे.'चे दार उघडले. पुण्याच्या ससून रुग्णालयामागे डेव्हिड ससून यांची देणगी होती. त्यांच्या पेढीचाही व्यापार अफूचा. ते १८६४ साली वारले, रुग्णालय १८६७ साली सुरू झाले. हा पैसा कुठल्या वाटेने आला, हे इतिहासाने विचारलेच पाहिजे. पण त्या खाटांनी असंख्य जीव वाचवले, हेही त्याच इतिहासात नोंदवावे लागते. दात्याचे नाव दगडावर कोरले गेले. रोगी मात्र आश्रितच राहिला.

हे नाते बदलले ते कायद्याने. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमात पुढे कलम ४१ कक आले. विश्वस्त संस्थांना करात सूट मिळते, काहींना सवलतीने जमीन मिळते. त्याची परतफेड म्हणून त्यांच्या रुग्णालयांनी गरिबांसाठी खाटा राखाव्यात, असा त्याचा आशय. अंमलबजावणी नीट होईना, तेव्हा प्रकरण जनहित याचिकेतून मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि २००६ साली योजना ठरली : १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत, १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात. इतर रुग्णांच्या बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करायची. तातडीच्या प्रसंगी अशा रुग्णाकडे अनामत मागायची नाही.

म्हणजे जी देणगी होती, तिचे देणे झाले. माझ्या लेखी दीडशे वर्षांतला खरा बदल हाच.

मात्र हे देणे आपण होऊन कोणी पुढे करत नाही. मला ते कळले ते तिथल्या एका समाजसेविकेमुळे. तिने अर्ज दिला, कागदांची यादी लिहून दिली. रेशनकार्ड घरी होते. तहसीलदारांच्या उत्पन्नाच्या दाखल्यासाठी गावी दोन खेपा झाल्या. तोवर शस्त्रक्रिया खोळंबली. जो खरा निर्धन, त्याच्याकडे खेपांपुरते एसटीभाडे असेलच असे नाही. पूर्वी दात्याची मर्जी लागे, आता दाखला लागतो.

शस्त्रक्रिया सवलतीत झाली. घरी निघताना अण्णांनी विचारले, "कुणाचे उपकार घेतलेस रे?"

"उपकार नाहीत अण्णा, कायदा आहे," मी म्हणालो.

त्यांनी मान डोलावली, आणि जाता जाता त्या संगमरवरी पाटीला हात जोडले.