मेफ्लॉवर हॉटेलातला फोन



आज एका शोधाची गोष्ट सांगायची आहे. दारू सोडायची म्हणून कोणी तरी ए.ए.ची, म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची, मीटिंग शोधत असतं. कधी तो माणूस स्वतः शोधतो, कधी त्याची बायको, कधी मुलगी. मनात धाकधूक असते: तिथे ओळखीचं कोणी भेटलं तर? मंडळी, हा शोध ए.ए.पेक्षाही जुना आहे. किंबहुना ए.ए. त्या शोधातूनच जन्मली.

साल १९३५, मे महिना. अमेरिकेच्या ओहायो राज्यातलं ॲक्रन, टायरच्या कारखान्यांचं शहर. न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात वावरलेला बिल विल्सन एका कंपनीचा ताबा मिळवण्याच्या खटपटीसाठी तिथे आला होता. खटपट फसली. मेफ्लॉवर हॉटेलच्या लॉबीत तो एकटाच येरझाऱ्या घालत होता. दारू सोडून त्याला जेमतेम पाच महिने झाले होते. एका टोकाला बार होता, दुसऱ्या टोकाला टेलिफोन आणि गावातल्या चर्चची यादी.

बिल टेलिफोनकडे वळला. यादीतून वॉल्टर टंक्स या पाद्र्याला त्याने फोन लावला. मागणी विचित्र होती: मला एखाद्या दारुड्याशी गाठ घालून द्या! कारण असं, की न्यूयॉर्कमध्ये तो कित्येक महिने दारुड्यांना सुधारायला धडपडत होता. त्यातला एकही सुधारला नाही, पण तो स्वतः मात्र दारूपासून लांब राहिला होता. आता त्यालाच आधार हवा होता. टंक्सनी काही नावं दिली. फोनवर फोन करत तो हेन्रिएटा सायबर्लिंग या बाईंपर्यंत पोहोचला. त्यांच्या ओळखीत असा एक माणूस होता, डॉक्टर बॉब स्मिथ, शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर.

दुसऱ्या दिवशी, १२ मे रोजी, बाईंच्या घरी भेट ठरली. बॉबने बायकोला बजावलं होतं, पंधरा मिनिटांच्या वर थांबायचं नाही. पाचला बसलेले दोघं रात्री अकरा वाजून गेले तरी बोलत होते. उपदेश बॉबने भरपूर ऐकला होता. प्रार्थनेच्या मंडळात तो अडीच वर्षं जात होता आणि तरी पीत होता. आज समोरचा माणूस त्याला शहाणपण शिकवत नव्हता, स्वतःचीच कहाणी सांगत होता.

मधे बॉब एकदा घसरलाही. त्याचा शेवटचा घोट १० जून १९३५ चा, आणि तीच तारीख ए.ए.चा स्थापनादिन मानली जाते. त्या सकाळी त्याला शस्त्रक्रिया करायची होती आणि हात थरथरत होते. तो स्थिर व्हावा म्हणून बिलनेच त्याला बिअरची बाटली दिली. हे लक्षात ठेवा. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम दारू तोडली तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. म्हणून मीटिंगच्या जोडीला डॉक्टरही हवा.

दोघांनी लगेच तिसरा शोधला. बॉबने इस्पितळात फोन करून विचारलं, दारूपायी दाखल झालेला कोणी आहे का? होता, एक वकील. त्याच्या खाटेशी बसून हे दोघं बोलले.

पण निनावी माणसांची संघटना लोकांना सापडायची कशी? १९३९ साली त्यांचं पुस्तक निघालं, त्यात न्यूयॉर्कच्या टपालपेटीचा पत्ता होता. १ मार्च १९४१ ला सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट या साप्ताहिकात जॅक अलेक्झांडर यांचा लेख आला आणि पत्रांचा पाऊस पडला. वर्षाच्या सुरुवातीला सुमारे २,००० असलेले सदस्य वर्षअखेर ८,००० च्या घरात गेले. १९५० मध्ये क्लीव्हलँडच्या अधिवेशनात संघटनेच्या बारा परंपरा मान्य झाल्या. त्यातली एक सांगते, सभासद व्हायला एकच अट: दारू सोडायची इच्छा. फी नाही, जात-धर्म विचारायचा नाही. जमेल त्याने वर्गणी द्यावी, बाहेरची देणगी घ्यायची नाही. नाव बाहेर न फोडणं हाही त्या परंपरांचाच भाग.

भारतात ए.ए.ची सुरुवात १९५७ सालची मानतात. मीटिंगला स्वतःची इमारत लागत नाही. चर्चची किंवा शाळेची एखादी खोली संध्याकाळी तासभर मिळाली की भागतं. पुण्यात १९८६ साली अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेलं मुक्तांगण हे वेगळं, उपचाराचं केंद्र. पण तिथेही व्यसनातून बाहेर पडलेली माणसं समुपदेशक म्हणून काम करतात. एका व्यसनी माणसाचं दुसऱ्याने ऐकायचं, हे सूत्र तेच.

तेव्हा मीटिंग शोधताना ए.ए.च्या हेल्पलाइनवर दोन गोष्टी विचारा. कोणत्या भाषेत चालते? आणि खुली आहे की बंद? खुल्या मीटिंगला घरचे लोकही बसू शकतात, बंद मीटिंग फक्त पिणं सोडू पाहणाऱ्यांची. घरच्यांसाठी अल-ॲनॉन आहे. बिलची पत्नी लोइस तिच्या संस्थापकांपैकी एक, साल १९५१. पहिली मीटिंग रुचली नाही तर दुसरी पाहावी. बोलायची सक्ती नसते, नुसतं ऐकलं तरी चालतं.

आणि फोन करायला लाज वाटली तर एवढं आठवा: पलीकडे फोन उचलणारा माणूस तुमच्यावर उपकार करत नसतो. ॲक्रनच्या त्या लॉबीतल्या बिलसारखीच त्यालाही तुमची गरज असते.